सुवार्तेचा वर्ग आणि दाराबाहेरचा विद्यार्थी

अमेरिकेतल्या सेमिनऱ्यांबद्दल गेली काही वर्षं एक तक्रार सारखी कानावर येते. तिथून ती आपल्याकडच्या पाळकांच्या बैठकांपर्यंतही येऊन पोचली आहे. तक्रार अशी की सुवार्ताप्रसार हा पूर्वी सरळ विषय होता. पाप, पश्चात्ताप, क्रूस, पुनरुत्थान, तारण एवढं नीट सांगता आलं की विद्यार्थी कामाला लागायचा. आता त्या वर्गात वंश शिरला, वसाहतवाद शिरला, संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञान नावाचं प्रकरण शिरलं, आणि लोकांना ख्रिस्ताकडे न्यायचं सोडून विद्यार्थी एकमेकांच्या आजोबांचे हिशेब काढत बसले. सुवार्ता एक, ती सगळ्यांना सारखी, मग तिच्या वर्गात काळा-गोरा कशाला?

असं म्हणणाऱ्यांत भली माणसं पुष्कळ आहेत. कित्येकांनी उभी हयात मंडळ्या उभारण्यात घालवली आहे. पण त्यांचं म्हणणं मुळातच चुकलेलं आहे, आणि ते तसंच सोडून दिलं तर नुकसान सुवार्ताप्रसाराचंच होतं. मला तो विषय जुनाट वाटत नाही. तो धड शिकवला जावा म्हणूनच हा वाद घालतो आहे.

आधी वेळापत्रक पाहू. नाना वंशांचे विद्यार्थी असलेल्या सेमिनरीतही सक्तीच्या विषयांत ऑगस्टीन, कॅल्विन, श्लायरमाखर, बार्थ असतात आणि त्या विषयाचं नाव नुसतं ईश्वरविज्ञान असतं. खाली ऐच्छिक विषयांच्या यादीत कृष्णवर्णीयांचं, लॅटिनोंचं, आशियाईंचं, स्त्रियांचं ईश्वरविज्ञान येतं. म्हणजे संदर्भ फक्त दुसऱ्यांना असतो, बार्थसारख्या बासेलच्या प्राध्यापकाला तो नसतो. (ऑगस्टीन आजच्या अल्जीरियातला. त्याला गोऱ्यांच्या रांगेत नेमकं कोणी आणि कधी बसवलं, हा एक वेगळा लेख होईल.) ही मांडणी शोकी को यांना मान्य झाली नसती. 1972 साली थिऑलॉजिकल एज्युकेशन फंडाची सूत्रं या तैवानी ईश्वरविज्ञाकडे होती, तेव्हा त्यांनी संदर्भाचा मुद्दा ईश्वरवैज्ञानिक शिक्षणाच्या चर्चेत आणला. त्यांना सेमिनरीचं सगळं शिक्षण संदर्भाच्या कसोटीला लावायचं होतं. सेमिनऱ्यांनी त्याचा एक ऐच्छिक विषय केला आणि हात झटकले.

आता सुवार्ताप्रसाराच्या वर्गातला एक ठरलेला गृहपाठ घ्या. दोघादोघांच्या जोड्या करायच्या, शनिवारी संध्याकाळी एखाद्या वस्तीत घरोघर जायचं, दार ठोठवायचं, हसून नाव सांगायचं आणि बोलणं तारणाकडे वळवायचं. 1960 च्या दशकात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या डी. जेम्स केनेडी या पाळकांनी ही पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. तिचा कणा म्हणजे समोरच्याला विचारायचा प्रश्न: आज रात्री तुम्हाला मरण आलं तर तुम्ही स्वर्गात जाल याची खात्री आहे का?

ही जोडी प्रत्यक्ष रस्त्यावर उतरवून पाहा. जोडीतला एक कृष्णवर्णीय तरुण आहे आणि वस्ती गोऱ्यांची, हिरवळ राखलेली. त्याची पहिली शंका तारणाबद्दल नसते. सेमिनरी गळ्यात घालायला ओळखपत्र देणार आहे का, असं तो विचारतो, कारण तिसऱ्या दारापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी पोलिसांना फोन केलेला असू शकतो. पुढच्या शनिवारी वस्ती ग्वातेमालाहून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या कुटुंबांची आहे. तिथे दारच उघडत नाही. अनोळखी माणसाने दार वाजवलं की दिवा घालवायचा, टीव्ही बंद करायचा आणि गप्प बसायचं, हे तिथल्या पोरांना पक्कं शिकवलेलं असतं. त्याच्या पुढच्या शनिवारी कोरियन घर. दार उघडतं, बूट काढून आत घेतात, फळं कापून समोर ठेवतात. मग पंचविशीतला पोरगा सत्तरीच्या गृहस्थाला त्याच्या मरणाबद्दल विचारतो. एवढ्या एका वाक्यात त्याने त्या घरातला आपला मान घालवला. आणि गृहस्थ सभ्यपणे उत्तरलेच, तर उलट विचारतील की माझे आईवडील ख्रिस्ताचं नाव न ऐकता गेले, ते कुठे आहेत? पुस्तिकेत याला उत्तर नाही. शेवटच्या घरी एक कृष्णवर्णीय आजी आहे. ती तो प्रश्न शांतपणे ऐकून घेईल, कारण नातू रात्रपाळी करून, वाटेत गाडी न अडवली जाता घरी परततो की नाही या काळजीत ती रोजच असते. आज रात्री मरण येऊ शकतं हे ऐकणाऱ्याला मुद्दाम आठवून द्यावं लागतं, असं त्या प्रश्नाने गृहीतच धरलेलं आहे.

आक्षेपकांचं उत्तर मला ठाऊक आहे. हा सगळा पद्धतीचा भाग झाला, ती जागेनुसार बदला, संदेशाला हात लावू नका. वरवर हे शहाणपणाचं वाटतं. पण कुठला प्रश्न पहिला विचारायचा यावरच संदेशाचा कुठला भाग पुढे येणार आणि कुठला मागे पडणार हे ठरतं. पोटभर जेवलेल्या, कर्जाचे हप्ते फेडू शकणाऱ्या, पोलिसांना मदतीला बोलावणाऱ्या माणसाची मरणानंतरची तेवढी काळजी शिल्लक असते. त्याच्यासाठी केलेल्या पद्धतीत तारण मरणानंतर सुरू होतं. मिसरातली सुटका, आमोसाचा संताप, नासरेथच्या सभास्थानात येशूने वाचलेला यशयाचा भाग या गोष्टी पुढच्या धड्यासाठी राखून ठेवल्या जातात, आणि पुढचा धडा सहसा येत नाही. हेही संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञानच आहे. त्याचा संदर्भ उपनगर आहे, इतकंच.

सुवार्ता सगळ्यांना सारखी, हा दावा इतिहासाला लावून पाहू. 1807 साली लंडनमध्ये एक पवित्र शास्त्र छापलं गेलं. ते वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी निवडलेले भाग म्हणून छापलं होतं, आणि पहिल्या पानावर तसं लिहिलेलंही होतं. जुन्या कराराचा बहुतेक भाग त्यातून गाळला होता. मोशे फारोपुढे उभा राहतो, इस्राएल मिसरातून बाहेर पडतं, हे सगळं वगळलं होतं. योसेफ मात्र ठेवला होता. गुलाम म्हणून विकला जाऊनही धन्याची इमानाने चाकरी करणारा तो! हे पुस्तक सुवार्ताप्रसारासाठीच काढलं होतं आणि काढणाऱ्यांना गुलामांच्या आत्म्यांची कळकळ होती यात मला शंका नाही. पण वंशाचा विषय न काढता सुवार्ता सांगता येते असं मानणाऱ्याने हे पुस्तक एकदा हातात धरावं. ते काढणाऱ्यांना संदर्भ चांगला कळत होता. त्यांनी संदेश त्याप्रमाणे कातरला.

म्हणून संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञानाने भेसळ होते हा आरोप ऐकला की मला हसू येतं. भेसळ पाहायचीच असेल तर केंटकीतल्या लुइव्हिलला जा. सदर्न बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरी 1859 साली सुरू झाली. तिच्या चार संस्थापक प्राध्यापकांच्या मालकीचे मिळून पन्नासाहून अधिक गुलाम होते, हे त्याच सेमिनरीने डिसेंबर 2018 मध्ये स्वतःचा इतिहास तपासून जाहीर केलं. ती ज्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची, तिचा जन्मच 1845 साली गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या भांडणातून झाला. म्हणजे सुवार्ताप्रसाराच्या प्रश्नावरूनच! ज्यांनी ती फूट पाडली त्यांना ग्रीक येत होतं, हिब्रू येत होतं, पवित्र शास्त्र तोंडपाठ होतं. आपल्या धर्मात चंदनाच्या टिळ्याइतकीही परकी गोष्ट शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या या मंडळींना माणूस विकत घेण्यात भेसळ दिसली नाही.

2018 चा तो अहवाल प्रामाणिक होता. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2020 मध्ये, कन्व्हेन्शनच्या सहाही सेमिनऱ्यांच्या अध्यक्षांनी निवेदन काढलं की क्रिटिकल रेस थिअरी, म्हणजे वंशभेद कायद्यांत आणि संस्थांतच मुरलेला असतो असं मांडणारी उपपत्ती, आपल्या विश्वासाशी विसंगत आहे. ती उपपत्ती मान्य नसण्याचा हक्क कुणालाही आहे, आणि ती म्हणजे संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञान नव्हे. तरी वर्गांमध्ये त्या निवेदनाचा अर्थ हा विषय बंद असाच पोचला, आणि काही नामवंत कृष्णवर्णीय पाळकांनी कन्व्हेन्शनशी नातं तोडलं. सहाजणांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. वंशाबद्दल काय शिकवायचं हे ठरवताना कोण टेबलाशी बसलं होतं, हा प्रश्न विचारायला कुठलीही थिअरी लागत नाही.

बाकी टेबल, खुर्ची, दार यांचा ईश्वरविज्ञानाशी संबंध नसतो असं वाटत असेल तर ह्यूस्टनची गोष्ट ऐका. 1906 च्या सुरुवातीला चार्ल्स पारहॅम नावाचा गोरा सुवार्तिक तिथे बायबल स्कूल चालवत होता. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा आणि त्याची खूण म्हणजे अन्य भाषा बोलणं, हा त्याचा विषय. विल्यम सेमूर हा पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला कृष्णवर्णीय उपदेशक शिकायला आला. टेक्ससमध्ये वंशविभाजन पाळलं जात होतं, तेव्हा त्याला वर्गात बसता येईना. दार किलकिलं ठेवलं आणि सेमूर बाहेरच्या बोळात बसून ऐकू लागला. आतल्यांना आणि बाहेरच्याला शब्दन् शब्द तोच ऐकू येत होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरच्या एका मोडक्या इमारतीत सेमूरच्या सभा सुरू झाल्या. काळे, गोरे, मेक्सिकन, बायका, पुरुष एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले. पारहॅम ऑक्टोबरमध्ये पाहायला आला आणि वंशांची ती सरमिसळ बघून त्याला किळस आली. सेमूरने पुढे अन्य भाषांपेक्षा परस्परांवरच्या प्रेमाला आत्म्याची खरी खूण मानलं. आज जगभर कोट्यवधी पेंटेकॉस्टल आहेत, आणि त्यांची वंशावळ सांगताना बोळात बसलेल्या विद्यार्थ्यापाशी थांबावं लागतं. वर्गात कोण कुठे बसलं आहे हे सोडून देऊन पारहॅमचं टिपण तेवढं शिकवा, आणि सेमूरला काय कळलं ते समजावून दाखवा. जमणार नाही. सेमूर शिकला ते टिपण आणि बोळ या दोन्हींमधून.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो. हा गट पहिल्याच्या विरुद्ध वाटतो, पण दोघांची वाट एकाच जागी निघते. यांचं म्हणणं, संदर्भ महत्त्वाचा, अगदी मान्य. मग ज्याचा त्याला द्या. कोरियनांसाठी कोरियन विभाग, स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी स्पॅनिश, कृष्णवर्णीय पाळकांसाठी वेगळा कार्यक्रम, आणि प्रत्येकाने आपापल्या लोकांत सुवार्ता सांगावी. आपल्या माणसाने सांगितलेलं लवकर पटतं.

मराठी वाचकाने इथे कान टवकारावेत, कारण हे तत्त्व अमेरिकेत गेलं ते आपल्या देशातून. डोनाल्ड मॅकगॅव्हरन 1897 साली मध्य भारतातल्या दमोहला मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले. छत्तीसगडमध्ये सतनामी समाजात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. माणसं जातीजातीने, जथ्याने ख्रिस्ती होतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यातून सिद्धान्त काढला की वंश, भाषा, वर्ग यांची कुंपणं न ओलांडता ख्रिस्ती होता आलं तर लोकांना ते बरं वाटतं. 1965 साली ते कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या फुलर सेमिनरीत जागतिक मिशनच्या नव्या विभागाचे प्रमुख झाले. 1970 साली त्यांचा चर्चवाढीवरचा ग्रंथ आला. सी. पीटर वॅग्नर या त्यांच्या सहकाऱ्याने 1979 मध्ये आपल्यासारख्या माणसांची मंडळी या कल्पनेचं अमेरिकेपुरतं समर्थन करणारं एक अख्खं पुस्तक लिहिलं. भारतातल्या जातींकडे पाहून बेतलेला अंगरखा असा अमेरिकी उपनगराच्या अंगावर चढला, आणि त्याला तो अगदी बरोबर बसला.

मॅकगॅव्हरनवर अन्याय नको. त्यांच्या आधीच्या मिशनरी पद्धतीत एकेकट्या माणसाला गावातून उचलून मिशनच्या कंपाउंडात आणायचे. तो समाजाला मुकायचा आणि जन्मभर साहेबाच्या नोकरीवर जगायचा. त्याऐवजी समाजच्या समाज यावा, नाती तुटू नयेत, हे मॅकगॅव्हरनचं म्हणणं माणुसकीचं होतं. भेदभाव कायम राहावा असंही ते म्हणाले नाहीत. आधी शिष्य करा, बंधुत्वाचं शिक्षण मग देता येईल, असा त्यांचा क्रम होता. माझं भांडण त्या 'मग'शी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने 1857 साली असाच ठराव केला होता. सगळ्यांनी एकत्र उपासना करणं इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुर्बलतेमुळे अन्यधर्मीयांमधल्या ख्रिस्ताच्या कामाला अडथळा येत असेल तर वेगळं बसायला हरकत नाही. हेतू सुवार्ताप्रसाराचाच. 1881 साली मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं. पुढे वेगळं बसणं हाच ईश्वराचा संकेत ठरला आणि त्याच्या आधारावर वर्णद्वेषी राज्याला ईश्वरविज्ञान पुरवलं गेलं. ते 'मग' उगवलं 1982 साली, जेव्हा त्याच वेगळ्या काढलेल्या मिशन चर्चने बेलहारच्या विश्वासपत्राचा मसुदा करून त्या सगळ्याला खोटं ठरवलं. सव्वाशे वर्षं गेली मध्ये.

आणि आपल्याकडे? डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर जे लिहिलं, ते त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलं, पण नंतर छापलं गेलं. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी जात त्याच्या मागोमाग चर्चमध्ये येते, आणि मिशनरी तिच्याशी झगडणं आपलं काम समजत नाहीत, हा त्यांचा आरोप होता. त्याला समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेलं नाही. चर्चच्या दफनभूमीत जातीची भिंत तमिळनाडूत आहे, महाराष्ट्रात नाही, असं म्हणून आपण सुटत नाही. आपल्या मंडळ्यांत सोयरीक ठरताना पहिला प्रश्न कुठला विचारतात, हे प्रत्येक वधूपित्याला माहीत आहे.

पवित्र शास्त्राचा आधार हवा असेल तर गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पुरे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेची माणसं आली तसा तो उठून वेगळ्या पंगतीला जाऊन बसला. कारण विचारलं असतं तर त्याने मिशनचंच दिलं असतं. यहुदी मंडळी बिथरतील, काम अडेल. पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावलं, आणि वेगळं जेवणं हे सुवार्तेच्या सत्याला सोडून वागणं आहे असं म्हटलं. लॅटिन अमेरिकेचे रेने पदिया यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकगॅव्हरनच्या तत्त्वाला नव्या करारातूनच उत्तर दिलं. प्रेषितांनी एकजिनसी मंडळ्या उभारल्या नाहीत, त्यांनी भिन्न माणसांना एकत्र आणलं आणि त्याची किंमत मोजली, हा त्याचा आशय.

फुलरमध्येच मॅकगॅव्हरनच्या विभागापासून चार पावलांवर 1974 पासून विल्यम पॅनेल सुवार्ताप्रसार शिकवत होते. ते कृष्णवर्णीय. स्वतः सुवार्तिक म्हणून फिरलेले, आणि गोऱ्या इव्हँजेलिकल बांधवांना उद्देशून 1968 साली मित्र हाच शत्रू कसा होतो ते सांगणारं पुस्तक लिहिलेले. चर्चवाढीचे आलेख साऱ्या जगात गेले, आपल्याकडच्या पाळक शिबिरांतही आले. पॅनेल यांचं नाव त्या शिबिरांत कुणी घेतलेलं माझ्या कानावर नाही. एकाच आवारातल्या दोन शिक्षकांपैकी एकाचा विषय मिशनशास्त्र ठरला आणि दुसऱ्याचा कृष्णवर्णीयांचा प्रश्न.

पहिल्या गटाच्या तक्रारीतला खरा भाग मात्र मान्य करतो. काही सेमिनऱ्यांत संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्यांना सुवार्ताप्रसार या शब्दाचीच लाज वाटते. सत्रभर साम्राज्याची चिरफाड होते आणि कुणी कुणाला ख्रिस्ताबद्दल काही सांगावं का, या प्रश्नापाशी सगळे खिडकीबाहेर बघू लागतात. लागोस किंवा सोलहून आलेला विद्यार्थी, ज्याच्या घरी पहाटे पाचला प्रार्थनासभा असते, चक्रावून जातो. त्याला गोऱ्या अपराधभावाचं करायचं तरी काय? ही टीका रास्त आहे. पण या ईश्वरविज्ञानाच्या उगमापाशी ही लाज नव्हती. हॉवर्ड थर्मन 1935-36 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिष्टमंडळ घेऊन भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबोत व्याख्यानानंतर एका हिंदू वकिलाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं की ज्यांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केलं, ज्यांच्या चर्चमध्ये आजही तुम्हाला जागा नाही, त्यांच्या धर्माचे प्रतिनिधी होऊन तुम्ही इथे काय करता? थर्मन यांना हा प्रश्न जन्मभर पुरला. 1949 साली त्यांनी वंचितांचा येशू मांडणारं पुस्तक प्रसिद्ध केलं ते त्या वकिलाला दिलेलं उत्तर म्हणून वाचता येतं. अख्रिस्ती माणसाने तोंडावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं यालाच तर सुवार्ताप्रसार म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या ईश्वरविज्ञानाचे प्रवर्तक जेम्स कोन 1969 साली न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिकवायला आले तेही आर्कन्सामधल्या आईच्या आफ्रिकन मेथडिस्ट चर्चची भाषा घेऊन. जळत्या शहरांमधल्या कृष्णवर्णीय तरुणांना येशू आता कोणत्या तोंडाने सांगायचा, हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते लिहायला बसले.

विविधतेच्या तक्त्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण अमेरिकी लेखकांच्या ती सहसा ध्यानात येत नाही. प्रवेश अर्जावर केरळचा सिरियन ख्रिस्ती आणि मराठवाड्यातला मातंग समाजातला ख्रिस्ती दोघेही 'आशियाई' या एकाच चौकटीत खूण करतात. वर्गात दोघेही गौरेतर, दोघेही वसाहतवादाचे बळी. पहिल्याच्या घरी दुसऱ्याच्या आजोबाला ओसरीवर चढू दिलं असतं का, हे विचारायची त्या तक्त्यात सोय नाही. वंशाची चर्चा जातीला असा आयता आडोसा मिळवून देते. म्हणून संदर्भाचा अभ्यास करायचा तर भारतीय विद्यार्थ्यालाही तो स्वतःपासून सुरू करावा लागेल. आंतरराष्ट्रीय सप्ताहात कुर्ता घालून हिंदू धर्मावर दहा मिनिटं बोलणं म्हणजे संदर्भ नव्हे.

देणगीदार दुरावतील, ही भीती मोठी आहे आणि ती खोटी नाही. एप्रिल 1961 मध्ये लुइव्हिलच्या त्याच सेमिनरीने मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावलं, तर काही मंडळ्यांनी पैसे रोखले आणि विश्वस्तांनी दिलगिरी व्यक्त केली. मला पंडिता रमाबाई आठवतात. 1886 ते 1888 त्या अमेरिकेत होत्या, शारदा सदनासाठी पैसे गोळा करत होत्या. परत आल्यावर 1889 साली त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात कौतुक भरपूर आहे, पण काळ्या लोकांना तिथे मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी हातचं राखलं नाही. सदन तरी उभं राहिलं.

मग शिकवायचं कसं? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाने एकच लेख लिहावा. माझ्या घराण्यात सुवार्ता कोणी आणली, कुठल्या भाषेत, आणि तिच्याबरोबर आणखी काय काय आलं: शाळा, धान्य, नोकरी, बंदूक, जमीन, आडनाव. नगर जिल्ह्यातल्या मुलाच्या लेखात दुष्काळ आणि अमेरिकन मराठी मिशन येईल. कृष्णवर्णीय विद्यार्थिनीच्या लेखात मळेवाल्याचा उपदेशक येईल आणि रात्री चोरून रानात भरणारी वेगळी प्रार्थनासभाही येईल. आणि आयोवातला गोरा विद्यार्थी, ज्याची समजूत असते की आपल्याला सांगण्यासारखा संदर्भच नाही, त्याला पणजोबांची उपासना नॉर्वेजियन किंवा जर्मन भाषेत होत असल्याचं सापडेल. 1918 साली गव्हर्नर हार्डिंगने जाहीरनामा काढून चर्चमध्येसुद्धा परक्या भाषा बोलायला बंदी केली, हेही सापडेल. इंग्रजीतली सरळ, साधी, संदर्भाविना सुवार्ता त्याच्या घरात सरकारी हुकुमाने आली होती.

हे लेख वर्गात मोठ्याने वाचले गेले की वादावादी होते, कुणी रडतं, कुणी उठून जातं. होऊ द्यावं. शिवाय त्यातून माणसं आपापल्या बिळात शिरत नाहीत. वाल्परायसोहून आलेल्या चिलियन पेंटेकॉस्टल विद्यार्थ्याच्या लेखात काय निघेल पाहा. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंच्या मुलींत जागृती झाली. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि शिकागोतल्या मिशनरी प्रशिक्षणशाळेतल्या आपल्या मैत्रिणीला चिलीत धाडली. ती मैत्रीण वाल्परायसोचे मेथडिस्ट पाळक विलिस हूवर यांची पत्नी. 1909 साली तिथे जागृती झाली आणि चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी निघाली. म्हणजे हा लॅटिनो विद्यार्थी आणि दौंड तालुक्यातला मराठी विद्यार्थी एकाच झऱ्यावरचे, आणि तो झरा दुष्काळात उचलून आणलेल्या, टाकून दिलेल्या पोरींच्या प्रार्थनेतून फुटलेला. केडगावचा संदर्भ इतका पक्का होता म्हणूनच ती गोष्ट समुद्रापार पोचली. कोणी तरी आधी गाळून, धुऊन, सर्वांना सारखी करून पाठवली असती तर वाल्परायसोत ती कुणी वाचलीही नसती.

शेवटचा आक्षेप वेळेचा. तेरा-चौदा आठवड्यांच्या सत्रात एवढं बसवायचं कुठे? जागा आहे. पुस्तिकेतले मुद्दे पाठ करून घेण्यात आणि दारावरचा प्रश्न घोटून घेण्यात जे आठवडे जातात ते मोकळे करावेत. ज्याला ते शिकायचंच आहे त्याच्यासाठी ऐच्छिक विषय ठेवता येईल, 'उपनगरी गोऱ्यांचं संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञान' या नावाने.